आतली कडी

कोणाच्याही घरात शिरण्याआधी ती चपला काढायची आणि मग वाकून हाताने त्या फिरवून ठेवायची. टाचा दाराकडे, अंगठे गल्लीकडे. लग्नघरात एखादा व्यवस्थित माणूस असं करताना तुम्हीही पाहिला असेल. मीही आधी तेवढंच समजलो होतो. एकदा विचारलं, तर म्हणाली, "निघतानी वळा लागत नाही भाऊ."

एवढंच बोलली आणि आत गेली. घाईने निघावं लागेल अशाच घरांमध्ये तिचं रोजचं जाणं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आमची संस्था लहान आहे. रायपुरात तात्यापाऱ्यात एका भांड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. ज्या घरांत बाईला मारहाण होते त्या घरी जायचं, बोलायचं, ठाणं-दवाखाना-वकील लागला तर सोबत जायचं, आणि दर महिन्याला त्या घराची प्रगती कागदावर मांडायची. एकपासून पाचपर्यंत आकडे. एक म्हणजे जीवाला धोका. पाच म्हणजे बाई स्वतःच्या पायावर उभी. चार मिळाले की फाईल बंद करता येते, आणि फाईल बंद झालेल्या घरी पुन्हा जायचं नाही, हा नियम. मी तिथला समन्वयक. म्हणजे घराघरात जायची ती, आणि आकडे वर पाठवायचो मी.

तिचं नाव लिहीत नाही. गुढ़ियारीच्या वस्तीत, जिथे तिची बहुतेक घरं होती, सगळे तिला पेन्सिलवाली दीदी म्हणत. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असायची, सुताराच्या कानावर असते तशी. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरकडून आलेले, ती इथलीच. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, चालताना एका बाजूला किंचित कलणारी, कारण कापडी पिशवी कायम उजव्या खांद्यावर. मी तिच्याहून मोठा, तरी मीही दीदीच म्हणायचो. ती मला एरवी भाऊ म्हणायची, बैठकीत सर.

आकडे ती पेन्सिलीने लिहायची. सुरुवातीला मी टोकलं, तर म्हणाली, "माणूस अजून चालून राहिला ना भाऊ. पेनानं लिहिलं का तो कागदावर तिथंच उभा राहते." पुढच्या वेळी गेल्यावर ती जुना आकडा पुन्हा तपासायची. पटला तर ठेवायची, नाही तर खोडून नवा. तीन वेळा न सांगता जाऊन तोच आकडा आला, तरच पेन काढायची.

माझ्या तक्त्याची तिने भरपूर टर उडवली आहे. "वहिनींले किती देता भाऊ? तीन का साडेतीन?" एकदा एक नवरा दारात अंगावर आला, तू कोण म्हणून. दीदी शांतपणे म्हणाली, "गिनने आई हूँ भैया, घर में कितने आदमी हैं. दिख तो एक रहे हो, आवाज़ तीन की आ रही है." गल्ली हसली. तोही हसला, आणि त्या हसण्यातून ती आत शिरली.

कशी आहेस, असं ती कुठल्याच बाईला विचारायची नाही. पाणी मागायची. मला म्हणायची, पाणी मागून पहा. बाई उठण्याआधी कोणाकडे पाहते ते पहा. नवऱ्याकडे पाहून मग उठली तर दोन. न पाहता उठली तर तीनचा विचार करू. आमच्या छापील फॉर्मवर असला प्रश्न नव्हता. तिथे होतं, मागील महिन्यात तक्रार आहे किंवा नाही.

सतरा नंबरची फाईल गुढ़ियारीतल्याच एका घराची. दाराला निळा रंग, म्हणून दीदी त्या बाईला निळ्या दाराची म्हणायची. बाई छत्तीसगढ़ी, अंगाने बारीक, शाळेत जाणारी एक मुलगी. नवरा सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये कामाला. तो पीत नसे. शिव्या देत नसे. रस्त्यात भेटला की हात जोडून नमस्ते करी. पहिल्या भेटीनंतर दीदी ऑफिसात आली आणि पिशवी न उतरवताच खुर्चीत बसली.

"त्या दाराले आतून कडी नाही भाऊ."

तुटली असेल, मी म्हणालो.

"तुटली नाही. काढली. स्क्रूची भोकं आहेत. बाहेरची कडी आहे, आतली त्यानं काढून टाकली. बाईनं दार लावून घेऊ नये म्हणून."

त्याला तिने विचारलंही होतं. तो अगदी नम्रपणे म्हणाला होता, दीदी, अपने ही घर में किससे कड़ी लगानी है.

तेव्हाच तिने ठरवलं. "कडी बसली का चार देईन. तोवर दोन. मग ती बाई माह्यासमोर कितीही हसो."

त्या घरी ती नवऱ्याच्या पाळीचा हिशेब ठेवून जायची. दिवसपाळीच्या आठवड्यातच, आणि तो कामावर निघून तास झाल्यावर. अर्ध्या गुढ़ियारीतल्या पाळ्या तिला तोंडपाठ होत्या. कोणाची कधी बदलते, कोण कधी दांडी मारतो, सगळं. हे तिने कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

मग वरून तपासणीची मंडळी आली. पेन्सिल पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे तर कोणीही बदलू शकेल, ते म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. पुढे काय झालं ते पाहता फारच बरोबर होतं. मी दुसऱ्या दिवशी सूचना काढली, सर्व नोंदी पेनाने. दीदीने सूचना वाचली. "माणूस चालून राहिला, आन् तुम्ही त्याचे पाय शाईत बुडवून राहिले," म्हणाली. शेवटी तोडगा निघाला. गल्लीत ती पेन्सिलीने लिहील, शनिवारी ऑफिसात बसून त्यावर पेन फिरवील.

त्याच सुमारास आमची एक कार्यकर्ती दुसरीकडे गेली. तिची घरं मी दीदीकडे दिली. मार्चपर्यंत, असं सांगून.  दीदी फक्त म्हणाली, कोणता मार्च तेही लिहून ठेवा. तिची ती शेवटची थट्टा. निदान माझ्या लक्षात राहिलेली शेवटची.

दमलेलं माणूस ओळखणं हे आमचं कामच आहे. तसं प्रशिक्षण आम्ही इतरांना देतो. तरी मी काय काय पाहिलं आणि काय केलं, ते क्रमाने सांगतो.

आधी तिने ऑफिसातला चहा सोडला. मग जिन्याच्या पायरीशी ती थांबायला लागली. खिडकीतून मला दिसायचं. भांड्यांच्या दुकानासमोर, पिशवी खांद्यावर, पाच मिनिटं, दहा मिनिटं, वर चढायची नाही. दुकानदार विचारायचा, क्या चाहिए दीदी? ती म्हणायची, कुछ नहीं भैया, सीढ़ी देख रही हूँ.

एक दिवस ती एका घरी गेली आणि त्या बाईला म्हणाली, तुझ्या मुलाचा ताप उतरला हे बरं झालं. त्या बाईला मूलच नव्हतं. ताप दुसऱ्या घरातला होता. हे तिनेच मला येऊन सांगितलं. हसायचा प्रयत्न केला, पण आवाज निघाला नाही.

"मले आता घरं दिसतच नाहीत भाऊ. नुसती दारं दिसून राहिली."

मग तिच्या कागदांवर तीन यायला लागले. सगळीकडे तीन. भांडणाऱ्या घरालाही तीन, सावरलेल्या घरालाही तीन. मी पाहिलं ते. मला बरंच वाटलं, कारण तीन हा आकडा वर कोणी विचारत नाही. एकच कागद वेगळा असायचा, सतरा नंबरचा. त्यावर दर महिन्याला दोन, आणि बाजूला बारीक अक्षरात, कडी नाही.

फेब्रुवारीत ती टेबलासमोर येऊन उभी राहिली. महिनाभर सुट्टी द्या म्हणाली. कुठे जायचं नाही, काही नाही. "झोपाचं आहे मले फक्त." मी म्हणालो, मार्च होऊ द्या दीदी, मग खुशाल घ्या. ती म्हणाली, हव. छत्तीसगढ़ी बायकांमध्ये राहून तिच्या तोंडी हा हव बसला होता. होकार म्हणूनही तोच, आणि बोलणं संपलं म्हणूनही तोच.

आमच्या अहवालात कार्यकर्त्यांच्या स्थितीचाही एक रकाना आहे. एक ते पाच. तिच्या नावापुढे मी चार लिहिले. पेनाने.

शनिवारचं पेन फिरवणं तिला आता होत नव्हतं. बसल्या बसल्या डोळे मिटायचे. मग मी म्हणालो, आणा इकडे, मी करतो. ऑफिसात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. सर कितने अच्छे हैं, असं हिशेब पाहणारी मुलगी मला ऐकू जाईल असं म्हणाली. ती मराठी घरातलीच, पण उत्तर हिंदीतच देते. दीदी टेबलावर डोकं टेकून झोपायची आणि मी तिच्या आकड्यांवर निळं पेन फिरवायचो. चार-पाच शनिवार असे गेले.

मार्चचा शेवटचा शनिवार होता. वर्षअखेरीला अमुक इतकी घरं सावरली, असं दाखवायचं मी वर कबूल केलेलं होतं. मोजलं तर एक घर कमी पडत होतं. कोणीही गळ्याला फास लावला नव्हता. एक कमी आहे असं लिहिलं असतं, तर चार ओळींचा खुलासा मागितला असता. मला तो खुलासा लिहायचा कंटाळा आला होता. दमलो होतो मीही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे. त्याने काही बदलत नाही.

सतरा नंबरचा कागद हातात आला. पेन्सिलीचा दोन. बाजूला, कडी नाही, पुन्हा जाणे. पण छापील प्रश्नांपुढे सगळं बरं होतं. नवरा व्यसनी नाही. मुलगी शाळेत जाते. मागील महिन्यात तक्रार नाही. एका कडीसाठी घर किती महिने अडकवायचं, असं मनात आलं. तेवढं पुरेसं झालं.

माझ्याकडे खोडरबर नव्हतं. तिच्या ड्रॉवरमध्ये असायचं. ती त्याच टेबलावर झोपली होती, गाल कागदांवर, तोंड किंचित उघडं. तिची झोप मोडू नये म्हणून मी ड्रॉवर अगदी हळू ओढला. खोडरबर काढलं. दोन खोडला, कडी नाही खोडलं, पुन्हा जाणे खोडलं. रबराचा चुरा फुंकून टाकला. आणि त्या जागी निळ्या पेनाने चार लिहिले. खोडरबर होतं तिथेच परत ठेवलं.

थोड्या वेळाने ती जागी झाली. गालावर कागदाची कड उमटली होती.

"झालं का भाऊ?"

झालं म्हणालो.

"तुम्ही नसते तर मी मेलीच असती," म्हणाली.

बंद झालेल्या घरांची यादी टाईप झाली तेव्हा तिची सही लागत होती. मी कागद पुढे केला, सहीच्या जागी बोट ठेवलं. तिने न वाचता सही केली. त्या दिवसांत ती काहीच वाचत नव्हती, आणि हे मला माहीत होतं.

एप्रिलमध्ये एकदा ती म्हणाली, निळ्या दाराकडे जाणं राहूनच गेलं, या आठवड्यात त्याची दिवसपाळी असेल. मी म्हणालो, ती तर बंद झाली ना दीदी. तुम्ही चार दिले होते. ती पिशवी हातात धरून उभी राहिली. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "काहून दिले असतील मी?" मी फाईल चाळत राहिलो. ती म्हणाली, हव. आणि दुसऱ्या गल्लीला निघून गेली. मार्चनंतर द्यायची म्हटलेली सुट्टी तिने पुन्हा मागितली नाही, मीही विषय काढला नाही.

मे महिन्यात भर दुपारी फोन आला. निळ्या दाराच्या शेजारणीचा, दीदीच्याच फोनवर. नवरा रातपाळी करून घरी होता. काय झालं ते शेजारणीने नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तो उठला, बोलाचाली झाली, तो बाहेर गेला. बाईने दार लोटलं. लावायला कडी नव्हती, म्हणून ती दाराला पाठ लावून, पाय जमिनीत रोवून बसली. तो परत आला आणि त्याने दार ढकललं. ती उठली नाही. मग त्याने दारावर लाथ घातली, एकदा नव्हे. खांदा निखळला, ती तोंडावर आपटली, जबडा मोडला. मुलगी मागच्या खिडकीतून शेजारणीकडे पळाली.

दवाखान्यात बाईने लिहून दिलं, पायरीवरून घसरले.

शेजारीण दीदीला म्हणाली, रोज पूछती थी, पेन्सिल वाली दीदी अब काहे नहीं आती. दीदी दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या शेजारी होतो. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही, तरी मी दुसरीकडे पाहिलं.

आठवड्याभरात वरून तीन माणसं चौकशीला आली. आमच्याच लांब टेबलाभोवती बसली. सतरा नंबरचा कागद मधोमध. ये चार किसने दिया, त्यांच्यातल्या एकाने विचारलं. आवाजात राग नव्हता. नुसती नोंद करायची होती त्याला.

दीदीने कागद उचलला. डोळ्यांजवळ नेला. मी समोर होतो. त्या आकड्याखालचा कागद घासून मऊ पडला होता, बारीक पाहिलं तर खोडलेल्या दोनची वळणंही दिसत होती. ती पाहील, आणि मग माझ्याकडे पाहील, असं मला वाटलं. भीतीच होती ती, पण त्यात एक सुटकाही होती.  तिचे डोळे त्या कागदावर होते, पण ती तो वाचत होती की नाही हे मी सांगू शकत नाही.

"मैंने ही दिया होगा," ती म्हणाली. "शीट तो मेरी ही है." मग माझ्याकडे वळली. "आता मले आठवत नाही. मीच दिले ना भाऊ?"

बैठकीत ती मला सर म्हणायची. त्या दिवशी भाऊ म्हणाली.

मी मान हलवली. होकाराची.

जे झालं ते एवढंच. बाकी सगळं मी इतरांना वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आहे, कामाचा ताण, मनुष्यबळ कमी, तिची तब्येत. ही मान हलवलेली मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

तिने त्याच दिवशी पिशवी रिकामी केली. फाईली टेबलावर रचल्या, फोनमधले नंबर एका कागदावर उतरवून दिले. पेन्सिल अंबाड्यातून काढली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली, खोडरबराशेजारी. जिना उतरली. दुकानदाराने काहीतरी विचारलं असावं, ती थांबली नाही.

दिवाळीनंतर मी तिच्या घरी गेलो. त्याआधी दोनदा गुढ़ियारीच्या रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परतलो होतो. तिचं घर दोन खोल्यांचं, म्हातारी आई आणि ती. दाराबाहेर तिच्या चपला होत्या. अंगठे घराकडे, भिंतीला टेकलेले. त्यांवर धूळ बसली होती, पट्ट्यांच्या घड्यांमध्येसुद्धा.

ती दिवाणावर बसली होती. अंबाडा नव्हता, सैल वेणी. समोर टीव्ही चालू, आवाज बंद. मला पाहून उठायला लागली, मी बसा म्हणालो. आईने पाणी आणलं. मग मी सांगितलं. शनिवार, यादी, कमी पडलेलं एक घर, ड्रॉवर, खोडरबर, सगळं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. जुनं, घरोघर घेऊन जायची ते.

"तुम्ही लई चांगले आहात भाऊ. माह्यं दुखणं आपल्या अंगावर घेऊन राहिले."

मी म्हणालो, दीदी, खरंच मीच लिहिलं. तुम्ही झोपल्या होत्या.

"मले आठवते ना," ती समजावणीच्या सुरात म्हणाली, एखाद्या घाबरलेल्या बाईशी बोलायची तशी. "निळं पेन होतं. शनिवार होता. माह्या हातात होतं ते. रोज आठवते मले."

मी पुन्हा सांगितलं. तिने माझ्या हातावर थोपटलं. तिची आई दारातून म्हणाली, तिले झोपू द्या आता, आताशी कुठं झोप लागून राहिली. मी उठलो. जे खरं होतं ते मी उशिरा नेलं होतं, आणि तोवर त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून गेली होती. तिथे माझं खरं एक चांगुलपणा होऊन पडलं.

उंबऱ्यात असताना तिने हाक मारली.

"कडी बसली का तिची?"

मला माहीत नव्हतं. बाई बरी होऊन त्याच घरी परत गेली होती, फाईल पुन्हा उघडली होती, नवी कार्यकर्ती दर महिन्याला जाऊन येत होती. कडीचं मी विचारलं नव्हतं.

"तुम्ही गेलेच नाही?" ती म्हणाली. त्या तासाभरात पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "पाहून या. पाळी विचारून जाजा."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. सकाळची अकराची वेळ. नव्या कार्यकर्तीच्या कागदावर लिहिलेलं होतं, घर रंगवले आहे, पती सहकार्य करतो. दार खरंच नव्याने रंगवलेलं होतं, तोच निळा रंग, अजून वास येत होता. बाईने उघडलं. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता. तोंड पुरतं उघडत नव्हतं.

"बने हन भैया," ती म्हणाली. आम्ही बरे आहोत.

मी चपला काढून आत गेलो. खोली स्वच्छ. भांडी लख्ख. मुलगी शाळेत गेली होती. सगळ्या छापील प्रश्नांची उत्तरं बरी येतील असं घर. मी पाणी मागितलं. घरात तिसरं माणूस नव्हतं, तरी उठण्याआधी तिने दाराकडे पाहिलं.

ती आत गेली तेव्हा मी दार थोडं लोटून मागची बाजू पाहिली. कडी नव्हती. भोकंही नव्हती. रंगारी वापरतात ती लांबी भरून ती बुजवली होती, घासून सपाट केली होती आणि वरून रंग दिला होता. नुसतं पाहून कळलं नसतं. बोट फिरवलं तेव्हा लागली.

ती पेला घेऊन आली. मी तिला विचारलं, त्यांची पाळी कोणती आज?  बाहेर मोटरसायकल येऊन थांबली होती. तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला. अर्धा भरलेलाच होता.

मी दाराशी आलो. तो गल्लीत उभा होता, कारखान्याची पिशवी खांद्याला, डोळे जागरणाने लाल. त्याने हात जोडून नमस्ते केलं. मग त्याची नजर खाली गेली. उंबऱ्याबाहेर माझ्या चपला होत्या, मी जशा काढल्या तशाच, अंगठे घराकडे.

तो वाकला. दोन्ही चपला हातात घेऊन त्याने नीट फिरवून ठेवल्या. टाचा दाराकडे, अंगठे गल्लीकडे.

"वो दीदी ऐसे ही रखती थीं ना," तो हसून म्हणाला. "अब नहीं आतीं?"